खाली माणसं राहतात

वर्षालीचं लहानपण देहूरोडला, सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. वडील दत्तोबा दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. माणूस असा, की विजेच्या बिलाची जुनी पावती टाकून द्यायची म्हटलं तरी त्यांच्या जिवावर यायचं. "कागद काय खायला मागतो का? राहू दे पडून," असं म्हणत ते सगळं एका निळ्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये कोंबायचे. आई वैतागायची. मुलगी मात्र बापावर गेली.

दत्तोबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर रिकामं करून द्यायचं होतं. वर्षाली एकोणीस वर्षांची. दत्तोबांनी बल्ब मोजून दिले, नळ फिरवून दाखवले. दाराच्या चौकटीवर तिच्या आणि तिच्या भावाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, त्या त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसल्या. मग साहेबाच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि पोच म्हणून सही घेतली. पोरगी ढसाढसा रडली. दत्तोबा म्हणाले, "अगं, घर आपलं नव्हतंच कधी. पण चौतीस वर्षं कुणाची टाप होती का आपल्याला बाहेर काढायची?" वर्षालीला तेव्हा त्या बोलण्याचा रागच आला होता.

चोविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती कुरुळीला आली. सासरे नानासाहेब गावातले जुने बागायतदार. बागायत आता कागदावरही उरली नव्हती. बरीचशी जमीन कंपन्यांच्या कुंपणात गेली, आणि घरामागच्या उरलेल्या तुकड्यावर नानांनी खोल्या बांधल्या. एक ओळ, दोन ओळी करत बेचाळीस. लातूर, बीड, परभणीहून आलेली पोरं त्यात राहायची, शिफ्टला जायची, यायची, झोपायची. नानांचं स्वतःचं घर पुढच्या बाजूला, दुमजली. खाली नाना आणि सासूबाई विमलबाई. वरच्या मजल्यावर मुलगा रविराज, वर्षाली आणि पुढं झालेली ईश्वरी. वर जायला बाहेरून जिना, जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार.

नानांना घरच्या अब्रूची फार काळजी. त्यांच्या घरातलं भांडण रस्त्यापर्यंत ऐकू येता कामा नये. आता भांडण होऊ नये अशी काळजी घेणारी माणसं मी पाहिली आहेत. नाना त्यातले नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की ऐकू येऊ नये.

रविराजचा हात पहिल्यांदा उठला तो वर्षालीनं नोकरी धरली त्या महिन्यात. ईश्वरी बालवाडीत जायला लागली होती आणि चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस, म्हणजे वायरींच्या जुड्या, तपासायचं काम तिला मिळालं होतं. सकाळची शिफ्ट, साडेतीनला सुट्टी, कंपनीची बस दारात. रविराज स्वतः दुसऱ्या कंपनीत सुपरवायझर. शंभर माणसांवर दिवसभर ओरडणारा हा गडी संध्याकाळी घरी येऊन विचारायचा, बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं? उत्तर काहीही दिलं तरी चुकायचं. मग थप्पड, मग पट्टा, एकदा तर स्टुलाचा पाय. वर्षाली पडली की फरशी दणकायची, आणि मग खालून नानांचा आवाज यायचा:

"आवाज करू नका रे! खाली मानसं ऱ्हात्यात!"

बघा म्हणजे. ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं. चार वर्षं त्या म्हाताऱ्यानं वरच्या मजल्यावरचा मार कान देऊन ऐकला आणि बोलला काय, तर एवढंच.

आता एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरलं. रविराजला त्याच्या कंपनीच्या ऑफिसनं सांगितलं, भाड्याच्या घरात राहत असाल तर करारनामा जोडा, टॅक्स वाचेल. चाकण पट्ट्यात या कामाला फार डोकं लागत नाही. ज्याच्या बापाच्या खोल्या आहेत तो बापालाच घरमालक करतो. नानांच्या बेचाळीस खोल्यांचे करार करणारा एजंट नवनाथ लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. नानांचा अंगठा काही केल्या उमटेना, शेतात काम करून बोटांच्या रेघा कधीच गेल्या होत्या. विमलबाईंनी खोबरेल चोळलं, नवनाथनं फडक्यानं पुसलं, शेवटी कुठल्याशा बोटानं मशीन मानलं. नाना खूश. "आता पोराचा बी मी घरमालक!"

नवनाथ सवयीचा गुलाम. बेचाळीस खोल्यांना जे विचारतो तेच त्यानं इथंही विचारलं. घरात कोण कोण राहणार? रविराज, पत्नी वर्षाली, मुलगी ईश्वरी. कोणता भाग? वरचा मजला, बाहेरून जिना. मग भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवायचा फॉर्म. त्यासाठी तिघांना त्यानं जिन्यापाशी उभं करून फोटोही काढला. घरच्या सुनेचं भाडेकरू म्हणून पोलीस व्हेरिफिकेशन! सगळे पोट धरून हसले. दर अकरा महिन्यांनी हे असंच, तीनदा झालं. दर वेळी वर्षाली नवनाथकडून एक प्रत मागून घ्यायची आणि बापासारख्याच निळ्या फाइलमध्ये ठेवायची. "बापाची सवय," रविराज म्हणायचा.

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. ईश्वरी तिसरीत गेली होती. वर्षाली तिला शाळेच्या रिक्षातून उतरवून साडेचारच्या सुमाराला घरी आली, तर जिन्याच्या लोखंडी दाराला नवं पितळी कुलूप. ओट्यावर सिमेंटची दोन पोती, तोंडं सुतळीनं शिवलेली. आत तिचे आणि पोरीचे कपडे.

आदल्या दिवशी तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. रविराजनं पट्टा काढला तेव्हा ती म्हणाली होती, "आता हात लावलात तर चौकीत जाईन." त्याचं हे उत्तर होतं.

नाना खुर्चीवर बसले होते. "रविराज मोशीला ऱ्हायला गेला. घर माझं हाय. तू जा तुझ्या बापाकडं."

"नाना, माझी भांडी वर आहेत. पोरीची पुस्तकं आहेत."

"बापाकडं जा म्हनलं ना."

विमलबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

वर्षालीनं पोरीचा हात धरला. कुठं जाणार? दत्तोबा आणि आई भावाच्या एका खोलीत राहत होते, भावाची दोन मुलं, पाय पसरायला जागा नाही. शिवाय एकदा माहेरी गेलं की इथं सगळे सांगणार, ती आपल्या पायानं गेली. नोकरी इथं, शाळेची रिक्षा इथं. तिनं एका खांद्यावर पोतं घेतलं, दुसरं ओढत नेलं, आणि घराला वळसा घालून मागच्या खोल्यांकडं गेली. खोली मिळते का बघू, असं तिच्या मनात होतं. आजूबाजूच्या चार चाळींत तिनं विचारलं. चारही ठिकाणी एकच प्रश्न, मिस्टर कुठं असतात? मिस्टर नसतील तर खोली नाही. एकट्या बाईला आम्ही देत नाही.

आणि तिची मान खाली गेली, कारण हे वाक्य तिनं स्वतः कितीदा म्हटलं होतं. नानांच्या खोल्या बघायला कुणी आलं की दाखवायला तीच जायची. नानांचा नियम, एकटी बाई नको. दोन वर्षांपूर्वी कडेवर पोर घेऊन आलेल्या एका मुलीला तिनं दारातूनच परत पाठवलं होतं. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. त्या मुलीचं पुढं काय झालं असेल, हा विचार तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा आला, आणि तो अजून जात नाही.

शेवटच्या ओळीतली एकोणिसावी खोली भिमाबाईची. बीडकडची बाई, पन्नाशीची, वीस पोरांचे डबे आणि जेवणं करायची. भिमाबाईनं पोती बघितली, पोरीचा चेहरा बघितला आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "ये आत. पोरगी भुकेजली आसंल."

"मावशी, नाना तुम्हाला काढतील."

"कसे काढतेत? नोव्हेंबरपर्यंत करार हाय मव्हा. खोली त्येची आसंल, भाडं तर मी देतेय ना?"

"आणि तुमचे मिस्टर गावाहून आले तर?"

भिमाबाई हसली. "मव्हा नवरा मरून नऊ वर्सं झाली गं माय. तू इचारलंस मिस्टर कुटं आस्तेत, मी म्हनलं गावाकडं शेती बगतेत. तवा दिलीस खोली."

वर्षाली पोत्यावर बसली आणि रडली. मग उठली, हात धुतले आणि पिठाचे उंडे करायला बसली.

पोतं उसवलं तेव्हा दोन साड्यांच्या मध्ये निळी फाइल निघाली. पोती विमलबाईंनी भरली होती. फाइल त्यांनी मुद्दाम ठेवली की हाताला लागली म्हणून कोंबली, हे वर्षालीनं त्यांना कधीच विचारलं नाही.

चौकीत गेली तर तिथल्या माणसानं सांगितलं, घरगुती आहे, घरात मिटवा. "घरातच तर जाऊ देत नाहीत," ती म्हणाली. त्याला ते पटलं असावं, कारण त्यानं तालुक्याला बसणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंचा नंबर लिहून दिला.

त्या कुसुमताई. डोळ्यांवर जाड चष्मा, टेबलावर फायलींचा ढीग आणि चहा गार झालेला. घरातल्या छळापासून बायकांना वाचवणाऱ्या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या. वर्षालीनं सगळं सांगितलं. 'त्यांनी मारलं', 'त्यांनी पट्टा घेतला', असं आदरानं. कुसुमताईंनी लिहून घेतलं आणि चष्मा काढून विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय? पोटगी मागता येईल. निवारागृहात सोय होईल. नवऱ्यानं दुसरी जागा घेऊन द्यावी, असंही मागता येतं."

"मला त्या जिन्याची किल्ली पाहिजे."

"सासऱ्यांच्या नावावर आहे ना घर?"

"हो. म्हणजे मिळणार नाही का?"

"तसं नाही. मालकी त्यांची, ती कुणी काढून घेत नाही. पण लग्न करून ज्या घरात तुम्ही एकत्र राहिलात, तिथं राहण्याचा हक्क तुमचा. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुलूप लावून बाहेर काढता येत नाही तुम्हाला."

वर्षालीला क्वार्टरचा दरवाजा आठवला, ओलं फडकं आठवलं. घर आपलं नव्हतं, पण कुणाची टाप होती का? दुसऱ्या कुणाला ही गोष्ट समजायला चार दिवस लागले असते, तिला तिथल्या तिथं समजली. "मग लिहा ताई. वरचा मजला. दोन खोल्या, मोरी आणि गच्चीचा दरवाजा."

अर्ज खेडच्या कोर्टात गेला. मोफत मिळणारी वकीलबाई मिळाली. आणि मग नानांच्या बाजूनं उत्तर आलं, ते वर्षालीनं दोनदा वाचलं. जुलैमध्ये त्यांनी एका पेपरात जाहीर नोटीस दिली होती, की माझा मुलगा रविराज माझ्या सांगण्यात नाही, तो तीन वर्षांपासून वेगळा राहतो, त्याला मी बेदखल केले आहे. उत्तरात पुढं होतं, सून तर माझ्या घरात कधी राहिलीच नाही. सणासुदीला पाहुणी म्हणून यायची.

बेदखल केलेला हा मुलगा दर रविवारी मटण खायला यायचा आणि मोटारसायकल गोठ्याच्या मागं लावायचा. भिमाबाईच्या खोलीतून ती स्पष्ट दिसायची.

"राहत होता याचे पुरावे द्या," कुसुमताई म्हणाल्या. फोनवर पाडव्याचे, वाढदिवसाचे फोटो होते. त्यावर समोरची बाजू म्हणणार, पाहुणीच आली होती. आता आधार कार्ड बघा, त्यावर देहूरोडचा माहेरचा पत्ता. लग्नानंतर बदलायचं राहून गेलं, आज करू, उद्या करू. मतदार यादीतही तेच. रेशन कार्डावर नाव चढवायला नाना 'बघू' म्हणायचे. गॅस नानांच्या नावावर. ईश्वरीच्या शाळेत विचारावं तर तिथं मोशीचा पत्ता, कारण शाळा चांगली, जवळच्यांना आधी प्रवेश, म्हणून रविराजनं मित्राच्या फ्लॅटचा पत्ता ठोकून दिला होता. सोयीसाठी प्रत्येक ठिकाणी एक लबाडी केलेली, आणि सगळ्या लबाड्या आता एकजुटीनं सांगत होत्या की वर्षाली कुरुळीत राहतच नव्हती.

कुसुमताईंनी निळी फाइल टेबलावर उपडी केली. एकेक कागद सरळ केला. "हे काय?"

"ते नको ताई. ते खोटं आहे." तिचे कान लाल झाले. "टॅक्ससाठी केलेलं. भाडं कुणी कधी दिलं नाही."

कुसुमताईंनी तिन्ही करार वाचले. पोलिसांकडच्या फॉर्मवरचा फोटो बघितला, जिन्यापाशी तिघं, ईश्वरीच्या हातात बिस्किटाचा पुडा. "भाड्याचं खोटं असेल. पण इथं राहणारी माणसं कोण ते लिहिलंय. खाली सासऱ्यांच्या बोटाचा ठसा आहे, सरकारी नोंदणी आहे. शेवटचा करार गेल्या वर्षीचा. हे खोटं आहे का?"

"नाही. राहत तर होतोच."

"मग कोर्टात असंच सांगायचं. भाडं दिलं नाही, राहत होतो. एक अक्षर लपवायचं नाही."

तारखा पडत गेल्या. एका तारखेला रविराज आला नाही, एकदा नानांचे वकील नव्हते, एकदा कोर्टालाच सुट्टी. वर्षाली दर वेळी अर्धा दिवस बुडवून जायची, शिळी भाकरी डब्यात घेऊन. दत्तोबा देहूरोडहून दोन बस बदलून यायचे आणि कोर्टाच्या आवारात पारावर बसून राहायचे. एकदा रविराज संध्याकाळी मागच्या ओळीत घुसला. शिफ्ट सुटून वीस पोरं भिमाबाईच्या दारात पंगतीला बसली होती. त्यानं वर्षालीचा दंड धरला. "केस मागं घे, नाहीतर—"

भिमाबाई उलथनं घेऊन उठली. तिच्यामागं वीसच्या वीस पोरं ताटावरून उठली, खरकट्या हातांनी.

"जेवाया बसायचं आसंल तर बस," भिमाबाई म्हणाली, "नाय तर चाल लाग."

तो गेला. वर्षालीनं वाढप पुरं केलं. त्याच आठवड्यात नवनाथ येऊन भिमाबाईला सांगून गेला, तीस नोव्हेंबरला करार संपतोय, नाना पुढं वाढवणार नाहीत. आता उरले साडेतीन आठवडे. तोवर हुकूम झाला नाही तर दोन्ही बायका रस्त्यावर, आणि मग वर्षालीला माहेरी जावंच लागणार. एकदा ती गेली की नानांचं म्हणणं खरं ठरणार. भिमाबाईला तिनं हे सगळं समजावलं, माफीही मागितली. भिमाबाई म्हणाली, "तू कोर्टाचं बघ, पिठाचं मी बघते."

अठरा नोव्हेंबरला सुनावणी झाली. न्यायाधीश बाई होत्या, चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. वर्षालीच्या वकीलबाईंनी तिन्ही करार पुढं ठेवले, आणि भाडं कधी दिलं नव्हतं हेही आपणहून सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, तीन वर्षं वेगळा राहणारा मुलगा गेल्या वर्षी याच घराच्या वरच्या मजल्याचा करार बायकोपोरीसकट कसा करतो?

नानांचे वकील मोठे हुशार. त्यांनी तिथल्या तिथं पवित्रा बदलला. "ठीक आहे. म्हणजे ही बाई भाडेकरू होती. कराराची मुदत संपली. भाडेकरूनं मुदत संपल्यावर जागा सोडायची असते. भाडं दिलं नाही हे ती आता म्हणते. कागदावर तर दरमहा भाडं लिहिलंय."

आपलाच कागद आपल्यावर उलटला, असं वर्षालीला वाटलं. तिनं मागं वळून कुसुमताईंकडं पाहिलं. कुसुमताईंनी हातानं 'थांबा' अशी खूण केली.

न्यायाधीशबाईंनी करार चाळला, चष्म्यावरून नानांकडं पाहिलं आणि त्यांना पुढं बोलावलं. "नानासाहेब, हा ठसा तुमचा?"

"व्हय, माझाच."

"मग मला सांगा, सुनेकडून दर महिन्याला भाडं घेत होतात?"

नानांच्या वकिलानं त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पण कोर्टात त्या दिवशी कुरुळीची सात-आठ माणसं आपापल्या कामानं आलेली, मागच्या बाकांवर बसली होती. त्यांच्यासमोर हा प्रश्न. नानासाहेबांनी बेचाळीस खोल्यांचं भाडं खाल्लं होतं, पण घरच्या पोरीबाळींकडून भाडं घेणारा म्हातारा, असं गावानं म्हणावं? त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"बाईसाहेब, चार पिढ्या झाल्या आमाला कुरुळीत. बाहेरनं आलेल्या पोरांकडनं भाडं घेतो, ते येगळं. घरच्या सुनंकडनं भाडं घ्यायाला आमी काय भिकारी हाय व्हय? एक रुपाया घेतला न्हाई! ती माझ्या पोराची बायकू म्हनून वर ऱ्हात व्हती, नऊ-धा वर्सं ऱ्हात व्हती, इचारा कुनालाबी गावात!"

त्यांच्या वकिलानं हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"लिहून घ्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. वर्षालीनं बाकाची कड घट्ट धरली होती. एवढ्या महिन्यांत नाना तिच्याबद्दल पहिल्यांदा खरं बोलले होते, तेही अब्रूसाठी. तिला हसू आलं.

हुकूम सत्तावीस तारखेला झाला. अंतिम निकाल लागेपर्यंत अर्जदाराला वरच्या मजल्यावर राहू द्यावं. कुलूप काढावं. घर विकू नये, तिला हुसकावू नये. रविराजनं वरच्या मजल्यावर पाऊल ठेवू नये, मारहाण करू नये. पोलिसांनी मदत करावी. दत्तोबांनी हुकमाची प्रत हातात घेतली, प्रत्येक पानाचा शिक्का बघितला. "आणखी दोन झेरॉक्स काढ," एवढंच म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर वर्षाली बसमधून उतरली तेव्हा कुसुमताई आणि एक महिला पोलीस गेटपाशी उभ्या होत्या. ईश्वरी रिक्षातून आली, पाठीवर दप्तर. नवनाथनं मान खाली घालून किल्ली आणून दिली. कुसुमताईंनी पंचनामा लिहिला, 'किल्ली मिळाली' म्हणून वर्षालीची सही घेतली. दत्तोबांनी एकदा किल्ली देऊन सही घेतली होती, ती तिला त्या क्षणी आठवली. मागच्या ओळीतली पोरं डबे हातात घेऊन बघत होती. भिमाबाई पुढं आली नाही. तिच्या चुलीवर वीस माणसांचं कालवण होतं. तिच्या कराराचं नवनाथनं नानांना परस्पर समजावलं होतं, की ही बाई गेली तर जेवणाअभावी तिच्यामागं दहा खोल्या रिकाम्या होतील. नानांना असली भाषा लगेच समजते.

नाना ओट्यावर खुर्चीत पाठ करून बसले होते. विमलबाई उंबऱ्यात होत्या. वर्षाली जवळून गेली तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाण्याची मोटर लावलीय. टाकी भरंल आता."

"बरं, आई," वर्षाली म्हणाली. आणि ती जिन्याकडं वळली.

कुलूप पहिल्या झटक्याला उघडलं नाही, पाच महिन्यांत आतून घट्ट झालं होतं. महिला पोलीस पुढं झाली, पण वर्षालीनं तिला थांबवलं, दोन्ही हातांनी जोर लावला आणि ते उघडलं. वर सगळीकडं धूळ. गॅसची शेगडी जिथल्या तिथं, ईश्वरीचं दुसरीचं पुस्तक खिडकीत उघडंच पडलेलं. स्टूल कोपऱ्यात होतं, तीन पायांचं. वर्षालीनं ते उचललं आणि बाहेर गच्चीवर ठेवून दिलं. भंगारवाला आला की द्यायचं.

ईश्वरी दारात घुटमळत होती. एकदा आईकडं, एकदा आतल्या खोलीकडं बघत. "मोठ्यानं चाललं तर चालेल का?" तिनं विचारलं.

"पळ की," वर्षाली म्हणाली.

आणि पोरगी पळाली. शाळेच्या बुटांसकट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग आतल्या खोलीत, मग पलंगावर उडी, पलंगावरून खाली धप्पकन. फरशी दणाणली.

खालून आवाज आला, नेहमीसारखा, घोगरा:

"आवाज करू नका! खाली मानसं ऱ्हात्यात!"

ईश्वरी जागच्या जागी थिजली. वर्षालीनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. ती जिन्यापाशी आली, कठडा धरून खाली वाकली, आणि गेली दहा वर्षं ज्या आवाजात कधी बोलली नव्हती, त्या आवाजात, मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली:

"वर पण माणसंच राहतात, नाना."